रात्री परभणी केंद्रात दुसरंच केंद्र घुसतं? या चुका टाळा

जिंतूरकडच्या आमच्या आखाड्यावर दिवसा परभणी आकाशवाणी खणखणीत लागते. दिवेलागण झाली की त्याच आकड्यावर, मिडियम वेव्हच्या 1305 किलोहर्ट्झवर, बातम्यांच्या मागून कुणीतरी परक्या भाषेत गायला लागतं. ‘रेडिओ बिघडला’ असं म्हणून काकांनी दोन सेट बदलले. तिसऱ्यावरही गाणं तसंच.

पहिली चूक ही, सेटला दोष देण्याची. साधारण 60 ते 90 किलोमीटर उंचीवरचा वातावरणाचा थर दिवसा मिडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि लहरी आणखी वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. आपल्याकडे 531 ते 1602 किलोहर्ट्झपर्यंत नऊ-नऊच्या अंतराने जागा मोजल्या तर भरतात 120. 1975 च्या जिनिव्हा कराराने याच जागा आशिया, आफ्रिका आणि युरोपात वाटल्या. एकाच आकड्यावर अनेक केंद्रं येणारच.

मग केंद्राची ताकद वाढवा, असं लोक म्हणतात. ही दुसरी चूक. आपण वाढवली की त्याच आकड्यावरच्या दूरच्या केंद्राच्या श्रोत्यांना आपला त्रास वाढतो, आणि त्यांनीही वाढवली की आपण पुन्हा होतो तिथेच. खरा उपाय 1932 साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या डब्ल्यूएफएलए केंद्राने करून दाखवला. 620 किलोहर्ट्झवर त्यांचा त्रास दूरच्या मिलवॉकी शहरातल्या डब्ल्यूटीएमजे केंद्राला होत होता. त्यांनी अँटेनाच अशी बांधली की मिलवॉकीच्या दिशेला लहर जवळजवळ जाऊच नये.

हे होतं कसं, ते 1305 चा आकडा घेऊन बघू. या लहरीची लांबी सुमारे 230 मीटर, म्हणजे पाव लहर साधारण 57 मीटर. तेवढ्या अंतरावर अँटेनाचे दोन मनोरे उभे करा. दोघांना सारखाच प्रवाह द्या, फक्त पुढच्याला पाव आवर्तन उशिरा (लहरीचा एक पूर्ण हेलकावा म्हणजे एक आवर्तन). मागच्याची लहर पुढच्यापर्यंत पोचायला पाव आवर्तनच लागतं, म्हणून पुढे दोन्ही लहरी जोडीने निघतात. मागच्या बाजूला मात्र पुढच्या मनोऱ्याची लहर मुळात पाव उशिरा निघालेली, त्यात पाव आवर्तनाचा प्रवास. अर्धं आवर्तन उलटी पडून ती मागच्याची लहर पुसून टाकते. एका ओळीत दोन-तीन टॉवर दिसले की ‘एक चालू, बाकीचे राखीव’ असं समजू नका, ते यासाठीही असू शकतात.

अशा अँटेनात सगळ्यात घातक चूक कोणती? समोर उभं राहून ‘आवाज छान येतोय’ म्हणणं. समजा एका मनोऱ्याचा प्रवाह 10 टक्क्यांनी घसरला. समोर दोनाऐवजी 1.9 मिळाले, म्हणजे तूट 5 टक्के. कानाला कळणारही नाही. पण मागे जिथे शून्य हवं होतं, तिथे एका मनोऱ्याच्या लहरीचा दहावा भाग निसटला, आणि तो रात्री कुणाच्या तरी बातम्यांत घुसतो. म्हणून मोजणी पुसलेल्या दिशेला, ठरलेल्या जागी मीटर नेऊन करायची. जवळ नवा लोखंडी टॉवर उभा राहिला किंवा मनोऱ्याच्या बुडाशी पुरलेल्या तांब्याच्या तारा नांगराने तुटल्या, तरी हा हिशेब बिघडतो.

आता आपल्या हातातलं. मिडियम वेव्ह लागत नाही म्हणून सेटची वरची काडी लांब करू नका. बहुतेक सेटमध्ये ती एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी असते. मिडियम वेव्हची अँटेना आत आडवी असते: फेराइट या चुंबकीय पदार्थाची काळी कांडी, तिच्यावर बारीक तारेचे वेढे. ती स्वतःच दिशा पाहते. सेटचं तोंड किंवा पाठ केंद्राकडे असेल तर आवाज मोठा, डावी किंवा उजवी कड केंद्राकडे आली की एकदम बसतो.

इथेही लोक मोठा आवाज शोधतात. शोधायची ती पुसणारी दिशा. सेट थोडा फिरवल्याने मोठा आवाज फारसा हलत नाही, पुसणारी जागा मात्र अगदी अरुंद असते. म्हणून रेडिओ लाकडी बाजेवर ठेवा, लोखंडी पेटीवर किंवा पत्र्याला टेकवून नको. हळूहळू फिरवत परकं गाणं जिथे सगळ्यात क्षीण होतं तिथे थांबा. परभणी थोडी हळू झाली तरी चालेल, ती वेगळी ऐकू येईल. रात्रीची लहर वरून उतरते, तेव्हा सेट थोडा कलवूनही बघा. दोन्ही केंद्रं एकाच दिशेला किंवा अगदी समोरासमोर असतील तर मात्र फिरवून उपयोग नाही. कांडीला पुढचं-मागचं कळत नाही.

गाणं नसून नुसती खरखर असेल तर ती घरातलीच समजा. एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, सोलरचा इन्व्हर्टर एकेक बंद करून बघा.

काकांचा सेट आता बाजेवर असतो. जिंतूरहून परभणी साधारण दक्षिणेला, म्हणून दिवसा त्याचं तोंड दक्षिणेला. दिवेलागणीला ते तो थोडा पूर्वेकडे वळवतात. बाजेच्या माच्यावर त्या जागी त्यांनी खडूने रेघ मारून ठेवली आहे.