माळ्यावरचं जुनं स्कूबा सामान: रिकॉल कसा शोधायचा, पाण्यात उतरण्याआधी काय बघायचं

बेळगावला समुद्र नाही, पण टिळकवाडीत आमच्याच गल्लीत तीन घरांच्या माळ्यावर स्कूबाचं, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरायचं, सामान आहे. कुणी आंबोली उतरून मालवण-तारकर्लीला जातं, कुणी चोर्ला उतरून गोव्याला, तर कुणी मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटावर. वर्षातून दोनदा, फार तर तीनदा. बाकीचा काळ सामान पिशवीत पडून. त्यात आपला पावसाळा असा, की कपाटातल्या कातडी चपलांनाही पांढरी बुरशी येते. आपलं सामान वापरून झिजत नाही, पडून राहून बिघडतं. त्यामुळे पाऊस ओसरला की, म्हणजे दसऱ्याच्या आसपास, एक रविवार त्यासाठी काढावा.

आधी यादी, मग शोध

यातलं बरंचसं सामान दुसऱ्याच्या हातून आलेलं असतं. आखातातून परत आलेल्या मावसभावाचं रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वास घेण्याजोगी करून देणारं यंत्र), कुठल्या तरी डायव्हिंग सेंटरने काढून टाकलेलं बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट). एखाद्या मॉडेलमध्ये दोष निघाला की कंपनी ते परत बोलावते, दुरुस्त करून देते किंवा बदलून देते. हाच रिकॉल. पण त्याची सूचना नाव नोंदवलेल्या पहिल्या गिऱ्हाइकाला जाते, खानापुरात बसलेल्या तिसऱ्या मालकाला ती येणार कशी? ती आपणच शोधायची.

वहीत प्रत्येक वस्तूची एक ओळ करा: कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर, कुणाकडून घेतली, शेवटची सर्व्हिस कधी. फर्स्ट स्टेजचा, म्हणजे रेग्युलेटरच्या टाकीला बसणाऱ्या भागाचा, नंबर धातूच्या अंगावर कोरलेला असतो. बीसीडीचा बहुधा आतल्या बाजूला शिवलेल्या लेबलवर असतो आणि तो पुसट झालेला असतो, टॉर्च तिरका धरून वाचावा. पाण्याखाली किती वेळ थांबता येईल ते सांगणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरचा मागच्या झाकणावर किंवा मेनूत सापडतो. नंबर खरवडलेला दिसला तर ती वस्तू विकत घेऊच नये.

आता शोध. कंपनीच्या साइटवर सुरक्षा सूचनांचं पान असतं, ते आधी बघा. मग अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची, म्हणजे सीपीएससीची रिकॉल यादी. युरोपातल्या मालासाठी युरोपीय संघाची सेफ्टी गेट ही यादी. या याद्या सगळ्यांना खुल्या आहेत. नुसतं मॉडेलचं नाव जुळलं म्हणून घाबरू नका आणि जुळलं नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका. कंपनी विकली गेली की नाव बदलतं. उवाटेकच्या जुन्या कॉम्प्युटरची चौकशी आज स्कूबाप्रोकडे करावी लागते. सूचनेत सीरियल नंबरांची मर्यादा किंवा विक्रीचा काळ दिलेला असतो, आपला नंबर त्यात बसतो का ते ताडून पाहा.

"इतकी वर्षं वापरतोय, काही झालं नाही" हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय, स्वतः म्हटलंही आहे. त्याला उत्तर उवाटेकच्याच अलादिन एअर एक्स नायट्रॉक्सचं. १९९५ मध्ये बनलेल्या या कॉम्प्युटरचा रिकॉल अमेरिकेत निघाला २००३ मध्ये. दोन डाइव्हच्या मधे माणूस बोटीवर साधी हवा घेत असतो. हे यंत्र मात्र तो अजून नायट्रॉक्सच, म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा, घेतोय असं धरून हिशेब करायचं. अंगात उरलेला नायट्रोजन खऱ्यापेक्षा कमी दिसायचा आणि पुढच्या डाइव्हला सुरक्षित असतो त्यापेक्षा जास्त वेळ मिळायचा. काच शाबूत, बॅटरी भरलेली, आकडे स्वच्छ, अन् हिशेबच चुकीचा. असला दोष हाताने तपासून कधीच सापडत नाही.

नंबर जुळलाच, तर वापर त्याच दिवशी थांबवा. वस्तूवर लाल चिकटपट्टी लावा, नाहीतर पुतण्या ऐनवेळी तीच उचलून नेतो. कंपनीला नंबराचा फोटो आणि मेल पाठवा. पावती नसली तरी विचारायला हरकत नाही. आणि तो माल स्वस्तात दुसऱ्याच्या गळ्यात घालू नका.

हाताने तपासणी

रेग्युलेटरपासून सुरुवात करा. होजच्या (हवेच्या नळीच्या) टोकाचं रबरी आवरण मागे सरकवा आणि धातूच्या टोपीजवळ होज वाकवून बघा. चिरा तिथेच आधी दिसतात. कापडासारखी विणलेली होज असेल तर नुसतं वरून बघून भागत नाही. अशा काही होजमध्ये उष्ण-दमट हवेत आतलं अस्तर खराब होऊन स्फटिक साठल्याचं आढळलेलं आहे, आणि ते हवेची वाट अडवतात. अशी होज जुनी असेल तर सरळ बदला.

मग एक सोपी चाचणी. फर्स्ट स्टेजवर डस्ट कॅप (धूळ-पाणी अडवणारं झाकण) घट्ट लावा, माउथपीस तोंडात धरून हळूच श्वास ओढा. हवा यायला नको. येत असेल तर पडदा, श्वास बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह किंवा माउथपीस कुठे तरी फाटलंय, आणि तिथूनच पाणी आत येईल. दोन वर्षांपूर्वी माझ्या ऑक्टोपसमधून (अडचणीसाठी ठेवलेल्या, तोंडाकडच्या जादा भागातून) अशीच हवा येत होती. पुढचं झाकण उघडलं तर आत झुरळाचं अंडं, आणि पडद्याची कड कुरतडलेली. तारकर्लीला गेल्यावर पाण्याखाली हे कळलं असतं तर?

बीसीडी तोंडाने टम्म फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडलं असेल तर टबात बुडवून बुडबुडे शोधा. पुढच्या गोष्टी भरलेली टाकी असल्याशिवाय होत नाहीत, म्हणून त्या डायव्हिंग सेंटरवर आदल्या संध्याकाळीच उरकाव्यात. व्हॉल्व्ह सावकाश उघडा, गेजची काच चेहऱ्यापासून दूर वळवा. चार-पाच खोल श्वास घ्या. काटा खाली-वर हलला तर हवेची वाट कुठे तरी अरुंद आहे. मग पाच मिनिटं हात न लावता ऐका. थोड्या वेळाने सेकंड स्टेजमधून, म्हणजे तोंडाकडच्या भागातून, सूंऽऽ सुरू झालं तर फर्स्ट स्टेजच्या आतली हवा अडवणारी सीट दाब धरत नाही. बीसीडीत हवा भरणाऱ्या इन्फ्लेटरचं बटण दाबून सोडा, हवा तिथल्या तिथे थांबली पाहिजे.

यातलं काही बिघडलेलं निघालं तर त्या कंपनीच्या प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच द्या. एरवीही कंपनीने सांगितलेल्या मुदतीत सर्व्हिस करावी, कंपनीप्रमाणे ती एक-दोन वर्षांची असते. आपण दोनदाच उतरलो म्हणून मुदत लांबत नाही.

उद्यमबागेचा मोह

हे खास आपल्यासाठी. फाउंड्री आणि हायड्रॉलिकच्या या गावात कुठलाही भाग लेथवर करून मिळतो. माझ्या मित्राने जुन्या सिलिंडरला दुसरा व्हॉल्व्ह बसवायला एका वर्कशॉपमध्ये नेला. तिथले अण्णा म्हणाले, "आटे बसतात की, सर. जरा ढिलं आहे, टेप गुंडाळून देतो." अण्णांचा हात सोन्याचा, पण प्रश्न कारागिरीचा नव्हता. पाऊण इंची आट्यांच्या मानेत २५ मिलिमीटरचा व्हॉल्व्ह असाच फसवा बसतो. काही आटे धरतातही, पण २०० बारचा दाब भरल्यावर तो गोळीसारखा उडतो. अशा अपघातात माणसं गेलेली आहेत. ओरिंगचंही (सांध्यातल्या रबरी कड्याचंही) तेच. माप जुळलं तरी रबराचा कडकपणा वेगळा असू शकतो. अण्णांकडून बेल्टचं शिशाचं वजन खुशाल ओतून घ्यावं. दाबाखालच्या कशालाही हात लावू देऊ नये.

खरं तर सिलिंडर विकत घ्यायच्या भानगडीत पडूच नका, भाड्याने मिळतात. घरात असेलच तर खांद्यावरचा शिक्का वाचा. दाब-चाचणी दर ५ वर्षांनी, तीही पेसोची, म्हणजे स्फोटकं आणि गॅस सिलिंडरांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, मान्यता असलेल्या केंद्रात. आतून तपासणी दरवर्षी. १९९० च्या आधीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर बाद धरा. त्या काळात वापरल्या गेलेल्या ६३५१ या मिश्रधातूच्या मानेत हळूहळू चिरा पडतात.

धुणं आणि ठेवणं

घरी आल्यावर नळाचं पाणी येईल त्या दिवशी टबात भिजवा; बोअरच्या जड पाण्याने क्षार बसतात. डस्ट कॅप लावलेली हवी, आणि भिजत असताना सेकंड स्टेजवरचं पर्जचं (हवा सोडायचं) बटण दाबायचं नाही, दाबलं की पाणी उलट आत शिरतं. बीसीडी आतूनही धुवा. सावलीत वाळवा.

रबराला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, कितीही "मऊ राहतं" म्हणून आई सांगो. ओरिंगला कंपनीने सांगितलेलं ग्रीसच. नायट्रॉक्स वापरत असाल तर ऑक्सिजनला चालणारं, कारण जास्त ऑक्सिजनमध्ये साधं तेल पेट घेतं. पिशवीत डांबरगोळ्या टाकू नका, तो वास श्वासातून येतो. पाण्याच्या मोटारीजवळ ठेवू नका. मोटारीच्या ठिणग्यांमधून ओझोन तयार होतो आणि रबराला चिरा पडतात. होज मोठ्या वेटोळ्यात, आडव्या ठेवा.

सेकंड स्टेज पूर्ण वाळली की मी तिच्यावर मुलाचा शाळेचा धुतलेला पायमोजा चढवतो. बोटीवर तो काढताना लोक हसतात, पण तेव्हापासून झुरळ काही आत गेलेलं नाही.