एआरटीची गोळी रोज घेताना: कॅल्शियम, लोह, लग्नघर आणि बाकीच्या अडचणी

मी २००९ पासून एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोज घ्यायच्या औषधांवर आहे, सांगली जिल्ह्यातली, आणि गेली काही वर्षं ही औषधं जिथे मिळतात त्या एआरटी सेंटरवर नवीन आलेल्या माणसांशेजारी बसून बोलते. काउन्सेलर मॅडम सगळं सांगतातच, पण त्या दिवशी डोक्यात काही शिरत नाही हो, रिपोर्ट हातात असतो आणि घरी काय सांगू एवढंच मनात फिरत असतं. म्हणून निवांत वाचता येईल असं लिहून ठेवतेय.

सरकारी सेंटरवर बहुतेक मोठ्या माणसांना आता टीएलडी मिळते, म्हणजे टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५०, तिन्ही औषधं एकाच गोळीत. दिवसातून एकदा. फुकट. सरकारने १ एप्रिल २००४ ला ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली, मुंबईचं जेजे पहिल्या काही सेंटरांमधलं, त्याच्या आधी लोकांनी जमिनी विकून औषधं घेतलीत. मी सुरू केलं तेव्हा सकाळ-संध्याकाळ दोनदा गोळी होती, स्टॅव्हुडिनवाली, तिने तळपायाला मुंग्या यायच्या आणि गाल पार आत गेले होते, नंतर रात्रीची एफाविरेंझवाली आली तिने डोकं गरगरायचं आणि कसली कसली स्वप्नं पडायची. हे सांगायचं कारण, जुन्या पेशंटकडून ऐकलेल्या गोष्टी आजच्या गोळीला लावून घाबरू नका. आत्ताची गोळी त्यामानाने खूप सोपी आहे, जेवून घ्या, न जेवता घ्या, सकाळी घ्या, रात्री घ्या, फक्त रोज ठरलेल्या वेळी घ्या.

वेळ कशी ठरवायची तर जे काम तुम्ही काहीही झालं तरी करताच त्याला गोळी बांधून टाका. माझी सकाळच्या चहाला बांधलेली आहे. मोबाईलचा अलार्म पण लावा, पण अलार्म बंद करून "घेते नंतर" म्हणायची सवय लागते, म्हणून अलार्म वाजला की गोळी तोंडात गेल्याशिवाय तो बंद करायचा नाही. काही जणांना टीएलडीने झोप लागत नाही, त्यांनी डॉक्टरांना सांगून रात्रीची गोळी सकाळवर आणावी, बऱ्याच जणांचं तेवढ्याने जमून जातं. आणि घेतली की नाही आठवत नसेल तर बाटलीतल्या गोळ्या मोजा. बाटलीत ३० असतात, झाकणाच्या आत तारीख लिहून ठेवा की कुठल्या दिवशी उघडली, मग हिशोब कधीच चुकत नाही.

डोस चुकला तर आठवेल तेव्हा लगेच घ्या आणि दुसऱ्या दिवशी परत आपल्या नेहमीच्या वेळी. पुढच्या गोळीला तीन-चार तासच राहिले असतील तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. सेंटरवर ९५ टक्के गोळ्या वेळेवर गेल्याच पाहिजेत म्हणतात ना, त्याचा साधा हिशोब असा की महिन्याच्या ३० पैकी १ चुकली तर निभावलं, २ चुकल्या की ९५ च्या खाली गेलात.

आता चुकते का, ते सांगते. माझ्या अनुभवात विसरून चुकणारे थोडे असतात, लपवताना चुकणारेच जास्त. माझंच सांगते. घरात नवीन सून आली त्या वर्षी मी गोळ्या बाटलीतून काढून हळदी-कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवायला लागले, कुणी बाटलीवरचं नाव वाचायला नको म्हणून. पावसाळा होता. पंधरा दिवसांनी डबी उघडली तर गोळ्या दमट होऊन एकमेकींना चिकटलेल्या, वरचं आवरण सोलटून आलेलं, त्याला कुंकू लागलेलं. त्या बाटलीत जी छोटी पांढरी पुडी असते ना, सिलिका जेलची, ती ओल धरून ठेवते, ती काढून टाकायची नसते आणि गोळी तिच्यासोबत त्याच बाटलीत ठेवायची असते. त्यात माहेरी लग्न निघालं, घर माणसांनी भरलेलं, अंघोळीला रांग, एक मिनिट एकटीला मिळत नव्हतं, चार दिवस गोळी पिशवीतच राहिली. असं त्या वर्षात दोन-तीनदा झालं. पुढचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे त्याचा आकडा, हजाराच्या वर आला. मग तीन महिने दर महिन्याला काउन्सेलिंगला बसवलं, गोळ्या मोजून घेतल्या आणि परत टेस्ट केली, तेव्हा खाली आला. माझं नशीब की व्हायरस औषधाला सरावला नव्हता, कारण तसा सरावला की ती गोळी कायमची हातातून जाते आणि पुढच्या लाईनच्या औषधांवर जावं लागतं.

तर लपवायचंच असेल, आणि मला माहितीये काही घरांत लपवावंच लागतं, तर नीट लपवा. बाटलीवरचं लेबल सोलून काढा आणि बाटली तीच ठेवा, पण लेबलवरची एक्सपायरी तारीख आधी सेंटरने दिलेल्या एआरटीच्या पुस्तकात मागे लिहून घ्या. लग्नाला, देवाला, पंढरपूरला जाताना त्या दिवसांच्या गोळ्या अधिक तीन-चार जास्तीच्या एका छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत, पर्समध्ये, अंगावर. सामानात नाही, सामान दुसऱ्या गाडीतून जातं. कुणी विचारलं तर बीपीची आहे म्हणा, त्याच्यात काही पाप नाही. आणि घरातल्या एका तरी माणसाला खरं सांगा, ज्याला तुम्ही "घेतली का गं" असं विचारू द्याल. मी शेवटी त्या सुनेलाच सांगितलं. आता माझ्या चहाच्या कपाशेजारी बाटली तीच आणून ठेवते.

दुसरी मोठी गोष्ट, बाकीच्या गोळ्या. ह्याच्यावर नीट लक्ष द्या कारण ह्याची कुणाला कल्पनाच नसते. डोल्युटेग्राविर हे औषध कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम ह्यांना पोटात चिकटतं आणि मग रक्तात पुरेसं जातच नाही. म्हणजे तुम्ही गोळी वेळेवर घेताय, एक पण चुकवत नाही, आणि तरी अर्धी वाया. ॲसिडिटीसाठी डायजीन, जेल्युसिल असं काही चघळता किंवा पिता त्यात मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियम असतं, तर टीएलडी त्याच्या आधी २ तास तरी घ्या किंवा नंतर ६ तासांनी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांना पण हाच नियम, फक्त त्यांना एक सूट आहे की पोटभर जेवणासोबत टीएलडी आणि त्या एकत्र घेतल्या तर चालतं, रिकाम्या पोटी एकत्र नाही. गरोदर बायकांनी तर हे पाठच करावं, कारण आशाताई घरी येऊन लोह आणि कॅल्शियम देऊन जाते आणि तिला एआरटीचं माहीत नसतं. लोह बंद करू नका, बाळाला लागतंच, फक्त अंतर ठेवा. ॲसिडिटीसाठी सकाळी घ्यायची पॅन्टोप्राझोल लिहून दिली असेल तर तिने ही अडचण होत नाही.

शुगर असणाऱ्यांनी, मेटफॉर्मिन चालू असेल तर शुगरच्या डॉक्टरांना सांगाच, कारण टीएलडीसोबत रक्तात मेटफॉर्मिन वाढतं आणि सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. फिट्सच्या गोळ्या, कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटल, ह्या एआरटीची ताकद कमी करतात. आणि टीबी! टीबीच्या औषधात रिफाम्पिसिन असतं, त्याच्यासोबत दिवसातून एक टीएलडी पुरत नाही, १२ तासांनी डोल्युटेग्राविरची वेगळी ५० ची गोळी पण देतात आणि ती टीबीचा कोर्स संपल्यावरही २ आठवडे चालू ठेवायची असते. टीबीची औषधं एका जागी आणि एआरटी दुसऱ्या जागी चालू असेल तर दोन्हीकडे दोन्ही सांगा, कुणीतरी सांगितलं असेल असं धरून चालू नका.

अंगदुखीला मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा ब्रुफेन आणून आठवडाभर खायची आपल्याकडे फार सवय आहे, शेतातल्या कामानंतर तर रोजचीच. टेनोफोविरचा किडनीवर थोडा भार असतोच, त्यात ह्या पेनकिलरची भर नको, दुखलं तर पॅरासिटामॉल आणि जास्त दुखलं तर डॉक्टर. किडनीसाठी क्रिएटिनिन सेंटरवर दर सहा महिन्यांनी बघतात, ती तपासणी टाळू नका. डोल्युटेग्राविरने क्रिएटिनिन कागदावर थोडं वाढलेलं दिसू शकतं, ते बघून घाबरून स्वतः गोळी बंद करायची नाही, काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.

"मुळासकट घालवतो" म्हणणारे पण भेटतील, पुड्या देतात, आत काय आहे विचारलं तर सांगत नाहीत. मी दोन जणी बघितल्या ज्यांनी पुड्यांसाठी गोळ्या सोडल्या. आयुर्वेदाला माझा विरोध नाही, पण शंखभस्म म्हणजे कॅल्शियमच की, लोहभस्म म्हणजे लोहच, वर सांगितलेला नियम त्यालाही लागतो. काहीही घ्यायच्या आधी पुडी सेंटरवर दाखवा.

गोळी एकदम बंद करणं सगळ्यात वाईट, आणि ज्याला हिपॅटायटिस बी पण आहे त्याला तर जास्तच, कारण टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन त्या लिव्हरच्या व्हायरसलाही दाबून ठेवतात, गोळी थांबली की तो उसळू शकतो. कधी दारू पिऊन आलात म्हणून "आज गोळी नको" असंही करू नका. दारू कमी करा, गोळी नाही.

सुरुवातीला डोकं दुखणं, मळमळ, आठवडा-दोन आठवडे, ते जातं. वजन वाढतं काहींचं. पण अंगावर पुरळ आणि सोबत ताप, तोंडात फोड, डोळे पिवळे, लघवी गडद झाली तर त्याच दिवशी सेंटर किंवा जवळचा सरकारी दवाखाना गाठा. पहिल्या काही महिन्यांत नवीन खोकला, ताप, मानेला गाठ आली तरी दाखवा, अंगातली ताकद परत येताना आत दबून बसलेला टीबी कधीकधी असा वर येतो, गोळीने आजार झाला असं समजून ती सोडू नका. मन फार उदास झालं, जगावंसं वाटेना, तेही सांगा, ते सांगायलाच काउन्सेलर आहेत.

बाटली उन्हात नको, पत्र्याच्या घरात खिडकीशी नको, गाडीच्या डिकीत तर अजिबात नको, ३० डिग्रीच्या आत, कोरड्या जागी, आतल्या खोलीतल्या पेटीत वगैरे. फ्रिजची गरज नाही. गावाला अडकलात आणि गोळ्या संपत आल्या तर आपल्या सेंटरला फोन करा, आणि जवळच्या दुसऱ्या एआरटी सेंटरला पुस्तक दाखवून मधल्या दिवसांच्या गोळ्या मागा. शेवटची गोळी खाऊन मग निघू असं करू नका, चार-पाच दिवस आधीच जा. तब्येत स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या एकदम देतात, विचारा.

व्हायरल लोडची टेस्ट गोळी सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्यात, मग वर्षातून एकदा. तो इतका खाली गेला की मशीनला सापडतच नाही, आणि तसा टिकून राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही. हे मी नव्याने लग्न ठरलेल्या पोरापोरींना दोनदा सांगते कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसत नाही. बाकीचे गुप्तरोग आणि नको असलेलं गरोदरपण ह्यासाठी निरोध मात्र लागतोच.

तुमचं नाव कुणी बाहेर सांगितलं, कामावरून काढलं, दवाखान्यात हात लावायला नकार दिला, तर २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा तुमच्या बाजूने आहे, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कुठे जायचं कळत नसेल तर १०९७ ला फोन लावा, पैसे पडत नाहीत.

आणि पुढच्या वेळी सेंटरला जाल तेव्हा घरातल्या सगळ्या गोळ्या, सिरप, पुड्या, टॉनिक, अगदी शेजारणीने दिलेली गुडघेदुखीची पाकिटं पण एका पिशवीत भरून न्या आणि टेबलावर ओता. आमच्याकडे एका आजींनी ओतलं तेव्हा त्यात जेल्युसिलच्या तीन बाटल्या निघाल्या, रोज टीएलडीच्या पाठोपाठ दोन चमचे घ्यायच्या त्या.