ध्रुवीय निर्देशक: पन्हाळ्याला निघून कागलला पोचू नका

कोल्हापुरात बारावीच्या पोरांना मी पहिल्या तासाला विचारतो, "पन्हाळा कुठं?" उत्तर येतं, "सर, वायव्येला, वीसेक किलोमीटर." झाले की ध्रुवीय निर्देशक! किती लांब ते आर, कुठल्या दिशेला ते थीटा. राजारामपुरीतला पत्ता मात्र कार्तीय, म्हणजे एक्स-वायचा: मेन रोडनं इतकं पुढं, मग अमुकाव्या गल्लीत आत.

बिंदू चौक आरंभबिंदू धरा, पूर्वेला एक्स, उत्तरेला वाय. पन्हाळा ढोबळमानानं १३ किलोमीटर पश्चिमेला आणि तेवढाच उत्तरेला, म्हणजे (−१३, १३). आर = √(१६९ + १६९) = १८.३८. (रस्त्यानं वीस होतात, कारण घाट सरळ रेषेत चढत नाही.)

आता थीटा. वाय भागिले एक्स म्हणजे −१. कॅल्क्युलेटरवर टॅन इन्व्हर्स दाबलं की −४५° येतं आणि निम्मा वर्ग तेच वहीत उतरवतो. पण −४५° म्हणजे आग्नेय. गाडी कागलच्या बाजूला निघाली! बिचाऱ्या कॅल्क्युलेटरचा दोष नाही. (−१३, १३) आणि (१३, −१३) दोन्हींचा भागाकार −१च, मग उणे चिन्ह वरचं की खालचं हे त्याला कळणार कसं? टॅन इन्व्हर्स फक्त −९०° ते ९०° मधलाच कोन देतो. म्हणून एक्स ऋण असला की, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात, १८० मिळवायचे: −४५ + १८० = १३५°. एक्स शून्य असेल तर भागाकार करूच नका. बिंदू वर असेल तर ९०°, खाली असेल तर २७०°.

होकायंत्र वापरलेली पोरं वायव्य म्हणून ३१५° लिहितात. तो कोन उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं मोजलेला. आपला पूर्वेपासून, उलट्या दिशेनं.

कंस विसरलात तर आणखी मजा. −१३चा वर्ग कंसाशिवाय टाकला की −१६९ येतो, बेरीज शून्य, आर शून्य. पन्हाळा थेट बिंदू चौकात.

परत कार्तीयमध्ये जाताना एक्स = आर कॉस थीटा, वाय = आर साइन थीटा. इथली ठरलेली चूक म्हणजे कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) राहणं. १८.३८ आणि १३५ टाकून (−१८.३१, १.६२) आलं तर समजा, स्क्रीनवर वर डिग्रीचा छोटा 'डी' नाही. ही चूक लबाड आहे: चिन्हं बरोबर येतात, त्यामुळं शंकाच येत नाही.

उत्तर पुस्तकाच्या मागच्या उत्तरांशी जुळलं नाही म्हणून लगेच खोडू नका. (१८.३८, १३५°), (१८.३८, −२२५°) आणि (−१८.३८, ३१५°) हे तिन्ही पन्हाळाच. शेवटच्यात तोंड आग्नेयेला करून उलटं चालायचं, एवढंच. प्रश्नात थीटा ० ते ३६० मध्ये मागितलाय का, तेवढं बघा.