नमुना पत्र करताय? मग मोकळ्या जागेची आधी सोय लावा

पावसाळा जवळ आला की आमच्या डीटीपीच्या दुकानात एक काम ठरलेलं. कुठल्यातरी तालमीची पोरं येतात. "ताई, आयुक्तांना द्यायचं पत्र करा, नालेसफाईचं. दोनशे झेरॉक्स." प्रत्येक घरानं त्यात आपलं काहीतरी लिहावं, असं त्यांच्या मनात असतं. होतं असं, की खाली सह्या वेगवेगळ्या आणि वर "येथे आपला अनुभव लिहावा" हे जसंच्या तसं छापील. एकाच मजकुराच्या दोनशे पत्रांना वरून एकच उत्तर पुरतं. म्हणून की-बोर्डला हात लावायच्या आधी मी पोरांना स्टुलावर बसवते.

आधी पक्क्या ओळी ठरवायच्या. प्रति, विषय आणि शेवटची मागणी यांना कुणी हात लावायचा नाही. आवकच्या टेबलावर विषय बघून पत्र खात्याकडं जातं. ज्यानं त्यानं आपापला विषय घातला, तर एक पत्र आरोग्याकडं आणि दुसरं बांधकामाकडं. मागणीही एकच हवी, तारखेसकट : "जयंती नाल्यातील गाळ ३१ मेपूर्वी काढावा." मधला भाग तेवढा माणसाचा.

"अनुभव लिहा" म्हटलं की माणूस पेन खाली ठेवतो, त्याला शाळेतला निबंध आठवतो. त्यापेक्षा दोन शब्दांत उत्तर देता येईल असं विचारा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे अख्ख्या कोल्हापूरला सारखंच. पण २०१९ ला पाणी तुमच्या जिन्याच्या कितव्या पायरीला लागलं, हे तुमच्याच घराला माहीत. तेच विचारा. पाणी कुठपर्यंत आलं? सामान कुणाकडं हलवलं? परत राहायला यायला किती दिवस गेले? गल्ली बदलली की एखादा प्रश्नही बदला. सुतारवाड्यात जनावरांचं, दुकानांचं विचाराल. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्तींचं विचारल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही.

आता खरी मेख. मोकळी जागा पत्राच्या शेवटी ठेवू नका, पहिल्याच वाक्याच्या पोटात घाला : "२०१९ च्या पुरात माझ्या घरात …… पर्यंत पाणी होते व कुटुंबाला …… येथे राहावे लागले." असं अर्धवट वाक्य वर दिसत असताना सही करायला हात धजत नाही. उलट "इतर काही सांगायचे असल्यास" म्हणून तळाला सोडलेल्या चार ओळी कोऱ्याच जातात. कुणी भरतच नाही हो त्या.

त्या जागेत नमुन्याचं उत्तर छापायचं नाही. तुम्ही "तिसऱ्या पायरीपर्यंत" असं घातलंत, तर सगळ्या पेठेत पाणी तिसऱ्या पायरीपर्यंतच येतं. उदाहरण द्यायचंच असेल, तर वेगळ्या कागदावर द्या आणि एकमेकांशी काही मेळ नसलेली दोन द्या.

जागा हातानं भरायची असते, हे टाईप करणारा विसरतो. दोन ओळींत सेंटिमीटरभर तरी अंतर ठेवा. "मी राहतो/राहते" असलं तिरक्या रेघेचं लिहू नका. नको ते कुणी खोडत नाही. "माझे घर …… येथे आहे" म्हटलं की बाई-पुरुष दोघांनाही चालतं. पिवळ्या रंगानं जागा दाखवण्यावरही विसंबू नका. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये तो पिवळा फिका राखाडी होतो, नाहीतर दिसतच नाही.

सूचना पत्रात घालायच्याच नाहीत. पानाच्या तळाशी तुटक रेघ मारून पट्टी करा आणि तिच्यावर लिहा : "पत्रात ४ जागा आहेत. चारही भरल्यावर ही पट्टी फाडा." गोळा करणाऱ्या पोरानं पट्टी लोंबणारं पत्र घ्यायचंच नाही. एवढ्यानं निम्मं काम होतं.

व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर फोटो किंवा पीडीएफ नको, साधा मजकूर पाठवा, म्हणजे लोकांना बदलता येतो. श्रीलिपीत, म्हणजे डीटीपीच्या जुन्या फॉन्टात, टाईप केलेलं तसंच उचलून टाकलंत तर मोबाईलवर भलतीच अक्षरं उमटतात, म्हणून युनिकोडच. भरायच्या जागी कंस नको, सरकारी पत्रात कंस असतातच, नजर वरून निघून जाते. शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदण्याही (*) नकोत. व्हॉट्सॲप त्यांच्यामधलं अक्षर ठळक करतं आणि चांदण्या गिळून टाकतं. प्रत्येक जागी एकच लाल गोळा टाका. आयुक्तांच्या पत्रात लाल गोळा शोभत नाही, तेवढ्यानंच तो काढला जातो. आणि "लाल गोळे ४ आहेत, एकही ठेवू नका" ही सूचना वेगळ्या मेसेजमध्ये टाका, नाहीतर तीच आयुक्तांकडं फॉरवर्ड होते.

सगळ्याच अर्जांना हा खटाटोप लागत नाही. माहिती अधिकारात कारण सांगावं लागत नाही. आपल्या राज्याच्या नियमात तर एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. तिथं पायरीची गोष्ट घुसवलीत तर शब्द वाया. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा आणि मुद्द्याचं तेवढं मागा.

दोनशे प्रती काढायच्या आधी एक प्रत अशा माणसाला द्या, जो तुमच्या बैठकीला नव्हता. शेजारच्या काकू चालतील. काही समजावून सांगू नका, नुसतं बघा. पेन जिथं अडेल, तो प्रश्न बदला.

आणि पोहोचसाठी दुसरी प्रत लागतेच. ती भरलेल्या पत्राची झेरॉक्स हवी. कोऱ्या नमुन्याच्या दोन प्रती वाटल्या, की लोक एक नीट भरून घरी ठेवतात आणि घाईत खरडलेली कार्यालयात देतात. शिक्क्याबरोबर आवक क्रमांकही घालून घ्या, पुढच्या पत्रात संदर्भ म्हणून तोच लागतो.