गावातल्या विहिरींचं सर्वेक्षण: कोणत्या निवडायच्या, काय नोंदवायचं

भूगोलाच्या क्षेत्रभेटीत रस्त्यालगतच्या चार विहिरी पाहून अख्ख्या गावाच्या पाण्याचा निष्कर्ष काढला जातो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये हे चालत नाही. इथं पाणी खडकाच्या भेगांत आणि वरच्या मुरमात साठतं, त्यामुळे बांधाच्या अल्याड-पल्याडच्या विहिरींचंही पाणी वेगळं असू शकतं. म्हणून आधी निवड, मग टेप.

पहिलं काम यादीचं. गाव नमुना 12 मध्ये (सातबाऱ्यातल्या ‘बारा’मध्ये) सिंचनाच्या साधनाची नोंद असते. ही दुय्यम माहिती, म्हणजे दुसऱ्यानं आधीच नोंदवलेली. शिवारात फिरून ताडून घ्या, कारण बुजलेली विहीर कागदावर तशीच राहते.

समजा 60 विहिरी आहेत आणि 15 मोजण्याइतकाच वेळ आहे. चिठ्ठ्या टाकून काढल्यात तर तो यादृच्छिक नमुना. पण नेमक्या ओढ्याकाठच्याच जास्त निघू शकतात. दर चौथी विहीर घेतलीत तर पद्धतशीर नमुना; मात्र सुरुवात पहिल्या चारांतल्या कुठल्या विहिरीपासून, ते चिठ्ठीनं ठरवा. माझ्या मते इथं स्तरित नमुनाच बरा, म्हणजे आधी गट पाडायचे आणि प्रत्येक गटातून निवडायचं. ओढ्याकाठी 32, मधल्या उतारावर 16, माळावर 12 असतील, तर त्याच प्रमाणात 8, 4 आणि 3 घ्या. प्रत्येक गटात चिठ्ठ्या टाका.

मोजायला सकाळी, मोटर सुरू होण्याआधी जा. उपशानंतर पातळी खाली गेलेली असते. टेपला वजन बांधून पाण्याला टेकेपर्यंत सोडा. कठड्यापासून 9.4 मीटर आले आणि कठडा 0.8 मीटर उंच असेल, तर जमिनीपासून पाणी 8.6 मीटरवर. तारीख, वेळ तिथंच लिहा. एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात मोजलं, तर फरक हाती येतो.

खोली ही संख्यात्मक माहिती, तिची सरासरी निघते. बांधकाम दगडी की सिमेंटच्या रिंगांचं, हे नुसते प्रकार. ते मोजा आणि टक्केवारी काढा. पण “पाणी कुठवर पुरतं?” विचारलंत, की उत्तर येतं “संक्रांतीपर्यंत”, “होळीपर्यंत”, “पाडव्यापर्यंत”. ही क्रमवार माहिती: क्रम लागतो, पण टप्प्यांमधलं अंतर सारखं नसतं. तिला 1, 2, 3 देऊन सरासरी काढू नका, मध्यक घ्या, म्हणजे उत्तरं क्रमानं लावल्यावर मधोमध येणारं. आणि शेतकऱ्याचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवा. विहीर कोणत्या वर्षापासून लवकर आटू लागली, हे टेप सांगत नाही.

निवडलेल्या विहिरीचा मालक भेटला नाही, तर शेजारची मोजून वेळ भागवू नका. पुन्हा जा; तरीही जमलं नाही, तर त्याच गटातली पुढची चिठ्ठी काढा आणि बदल वहीत नोंदवा.