जुनी फॅमिली एसयूव्ही घेताय? मीटरकडे शेवटी बघा, आणि या चुका टाळा

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस पहिलं विचारतो, "किती चाललीय?" आणि लगेच दुसरं, "ॲव्हरेज काय देते?" प्रश्न दोन्ही बरोबर आहेत. पण ते विचारले जातात विकणाऱ्याला, आणि त्याच्या उत्तरावर व्यवहार ठरतो. माझ्या गॅरेजला अशा गाड्या येतात त्या व्यवहार झाल्यावर. टोकन देण्याआधी गाडी दाखवायला आणणारे फार थोडे.

लाखाच्या आकड्याची भीती

मीटरवर एक लाख दिसलं की लोक गाडीचं दारसुद्धा उघडत नाहीत. "पन्नास हजारांच्या आतलीच हवी" असं घरूनच ठरवून निघतात. बाजाराला हे पक्कं ठाऊक आहे आणि मीटर मागे जातात ते याच मागणीमुळे. डिजिटल मीटर मागे घेता येत नाही हा समज तर सोडूनच द्या. लॅपटॉप आणि एक वायर असली की ते काम होतं.

साधा हिशोब करा. डिझेल सात सीटर नवी कोण घेतं? ज्याचं रनिंग जास्त आहे तो. घरची गाडीसुद्धा वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर सहज होते. मग आठ वर्षांची डिझेल गाडी अडतीस हजार दाखवत असेल तर ती कमी का चालली, याचं कारण मिळायला हवं. मालक परदेशात होता, घरात दुसरी गाडी होती, असं असू शकतं. पण ते कागदावर दिसलं पाहिजे.

माझ्या ओळखीतल्या एका शिक्षक जोडप्याने अशीच गाडी ठरवली. 2016 चं मॉडेल, मीटरवर सेहेचाळीस हजार, आई-वडिलांना घेऊन गावी जाता यावं म्हणून घ्यायची. टोकन देऊन झाल्यावर मला बोलावलं. आत सगळं चकाचक: नवे सीट कव्हर, नवं स्टिअरिंग कव्हर, नव्या मॅट. मी खाली वाकून पेडल बघितले. क्लच आणि ब्रेक, दोन्हींचे रबर कोरे करकरीत. सेहेचाळीस हजारांत पेडलचे रबर बदलायची वेळ येत नाही. स्टिअरिंग कव्हर थोडं सरकवलं तर खालचं स्टिअरिंग दोन्ही बाजूंना सोललेलं. ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला सर्व्हिसचं स्टिकर खरवडलेलं, नुसता डिंक राहिलेला. मग बॉनेट उघडलं. एअर फिल्टरच्या डब्यावर धुळीखाली दुसरं स्टिकर होतं, ते काढायचं राहून गेलं होतं. त्यावर लिहिलेलं: पुढची सर्व्हिस 1,40,000.

डीलर म्हणाला, आधीच्या मेकॅनिकने चुकून दुसऱ्या गाडीचं लावलं असेल. आम्ही गाडीचा नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून रेकॉर्ड काढलं. 2020 सालची शेवटची नोंद एक लाख अठ्ठावीस हजारांची. मी सांगितलं, टोकन गेलं तर जाऊ द्या. पण पाडव्याला गाडी दारात हवी होती, सोसायटीत सांगून झालं होतं, डीलरने किंमत थोडी खाली आणली आणि त्यांनी गाडी घेतली. पावसाळा लागायच्या आत ती माझ्याकडे आली. बॅक कॉम्प्रेशन मारत होती, म्हणजे इंजिनमधला दाब पिस्टनच्या बाजूने खाली निसटत होता, इंजेक्टर गेलेले, क्लच घसरत होता.

एक लाख अठ्ठावीस हजार चाललेली गाडी वाईट नसते. नीट सर्व्हिस झालेलं डिझेल इंजिन त्याच्या पुढेही खूप चालतं. घात झाला तो खोट्या आकड्याने. मीटर मागे गेलं की कामांचं वेळापत्रकही मागे जातं. गिअर ऑइल, कूलंट, ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे तिथे तो बेल्ट, ही सगळी कामं किलोमीटरवर ठरतात. नव्या मालकाला वाटतं, अजून वेळ आहे. प्रत्यक्षात ती वेळ कधीच उलटून गेलेली असते. बेल्ट तुटला तर इंजिनचं हेड उघडावं लागतं.

म्हणून मी मीटर शेवटी बघतो. आधी गाडीचा नंबर घेऊन परिवहनच्या साइटवर नोंदणीची तारीख, कितवा मालक, बँकेचा बोजा, विमा हे बघतो. मग सर्व्हिस रेकॉर्ड, तारीख आणि किलोमीटरसकट. ते काढून द्यायला मालक कां-कूं करत असेल तर मी गाडी बघायला जातच नाही. त्यानंतर फास्टॅगचं स्टेटमेंट मागतो. हे कोणी मागत नाही, पण फेब्रुवारी 2021 पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा आहे. "गाडी फक्त गावातच फिरली" म्हणणाऱ्याच्या स्टेटमेंटवर दर आठवड्याला टोल कापलेला दिसला, तर बोलणंच संपलं.

टायरवरचे चार आकडेही वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. पंचवीस हजार चाललेल्या गाडीचे चारही टायर गाडीपेक्षा तीन-चार वर्षांनी नवे असतील, तर पहिले कशाने संपले ते विचारा.

कमी चाललेली म्हणजे चांगली, हाही गैरसमजच

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (प्रदूषणाचे नवे नियम पाळणाऱ्या) डिझेल एसयूव्हीत डीपीएफ, म्हणजे धूर गाळणारा फिल्टर, असतो. धुरातली काजळी त्यात अडकते, आणि ती जळायला गाडी हायवेवर सलग चालावी लागते. पाच वर्षं शाळा, भाजी, ऑफिस एवढंच केलेल्या गाडीचा हा फिल्टर तुंबून बसलेला असू शकतो. लोक अशी गाडी "फक्त तीस हजार चाललीय" म्हणून जास्त पैसे देऊन घेतात. मला विचाराल तर पुणे-नाशिक, पुणे-कोल्हापूर करणारी, नव्वद हजार किलोमीटर चाललेली गाडी मी आधी घेईन. आणि तुमचं स्वतःचं रनिंग महिन्याला चार-पाचशे किलोमीटर असेल तर डिझेलच्या मागे लागूच नका, पेट्रोल घ्या.

ॲव्हरेज

जाहिरातीतला एआरएआयचा (गाड्यांची चाचणी करणाऱ्या संस्थेचा) आकडा प्रयोगशाळेत, ठरलेल्या वेगाने, रोलरवर काढलेला असतो. सहा माणसं, डिकीत सामान, एसी चालू आणि पुढे वरंधा घाट, हे त्यात धरलेलं नसतं. डॅशबोर्डवरचा आकडाही भरवशाचा नाही. तो रीसेट करून हायवेवर एक संथ चक्कर मारली की छान दिसतो. खरं ॲव्हरेज टाकी फुल टू फुल केल्यावरच कळतं: त्याच पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबून. विकत घेण्याआधी हे जमत नाही, मान्य आहे. पण ॲव्हरेज खाणाऱ्या गोष्टी तर तपासता येतात. चढावर चौथा गिअर टाकून ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. दहा-पंधरा किलोमीटर चालवून उतरल्यावर चारही चाकांजवळ हात न्या. एकच चाक तापलेलं असेल तर तिथला ब्रेक धरून बसलाय.

गाडी नेहमी थंड असताना सुरू करा. जाण्याआधी फोन करून सांगा की सुरू करून ठेवू नका, आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. सुरू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडा. तिथून भकाभक धूर येत असेल तर घरी या.

बाकीच्या चुका थोडक्यात.

रात्री किंवा नुकतीच धुतलेली गाडी बघू नका, टच-अप दिसत नाही.

2019 ला सांगली-कोल्हापूर आणि 2021 ला चिपळूण-महाड बुडालं, तेव्हाच्या गाड्या आज कुठेही असू शकतात. सीट बेल्ट पूर्ण ओढून शेवटच्या टोकाला चिखल आहे का बघा, स्टेपनीखालची जागा बघा, सीटच्या रुळांवरचा गंज बघा. मुंबई, कोकण, गोव्याची गाडी असेल तर रॅम्पवर घेऊन चेसिसचा गंज बघितल्याशिवाय बोलणी नकोत.

विमा पॉलिसीवर एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बघा. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो 50 टक्के होतो. सहा वर्षं एकच मालक आणि एनसीबी शून्य, म्हणजे क्लेम झालाय किंवा पॉलिसी मध्ये तुटलीय. कशामुळे, ते विचारा.

दिल्ली पासिंग गाडी स्वस्त दिसते. एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवं रजिस्ट्रेशन धरून बेरीज करा, मग भाव बोला.

पूर्ण पैसे देण्याआधी मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, कर्ज असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी हातात घ्या. "नंतर कुरिअरने पाठवतो" हे ऐकून घेऊ नका. आणि जुन्या मालकाचा फास्टॅग त्याच दिवशी बंद करायला लावा.