"सर, फक्त घात चुकलाय": दहाच्या घातांच्या या चुका टाळा

बारावीच्या प्रॅक्टिकलला हे वाक्य दरवर्षी ऐकतो आणि दरवर्षी वाईट वाटतं. 4.9 च्या जागी 5.3 आलं तर मोजमापातली त्रुटी म्हणून मी सोडून देईन. पण घात तीनने चुकला म्हणजे उत्तर हजारपट चुकलं.

गेल्या वर्षी मीटर ब्रिजवर (रोध मोजायचं उपकरण) कॉन्स्टंटन या मिश्रधातूच्या तारेची रोधकता, म्हणजे तो पदार्थ विजेला किती अडवतो ते, काढायची होती. एका हुशार मुलीने स्क्रू गेजने व्यास घेतला, 0.40 मिलिमीटर. क्षेत्रफळ 0.126 चौरस मिलिमीटर. इथवर चोख. मग मीटरमध्ये न्यायचं म्हणून तिने 10⁻³ ने गुणलं. चौरस मिलिमीटरला 10⁻⁶ लागतो! मीटरभर तारेचा रोध 3.9 ओहम, त्यावरून रोधकता आली 4.9×10⁻⁴ ओहम-मीटर. पुस्तकात 4.9×10⁻⁷ आहे; तिला 4.9 दिसला आणि वही मिटली. मी विचारलं, "पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटची किती?" तक्त्यात 10⁻⁵ च्या आसपास. म्हणजे तिची धातूची तार ग्रॅफाइटहून वाईट वाहक ठरत होती. धातू आणि मिश्रधातू साधारण 10⁻⁸ ते 10⁻⁶ मध्ये बसतात, एवढं डोक्यात असतं तर चूक तिची तिलाच सापडली असती.

माझी सवय सांगतो. कॅल्क्युलेटरला हात लावण्याआधी समासात पेन्सिलने नुसते घात मांडायचे आणि बेरीज करायची. अर्धं मिनिट लागतं. पर्याय बघून उलटं उत्तर जुळवायच्या ट्रिका शिकवतात ना, त्यांनी ही सवय लागतच नाही. पहिल्याच महिन्यात वेग हवा असलेली मुलं इथेच अडकतात.

घातांकांची नुसती वजाबाकी करू नका. इलेक्ट्रॉन 9.1×10⁻³¹ किलो, प्रोटॉन 1.67×10⁻²⁷. मुलं "दहा हजारपट" लिहून मोकळी होतात. खरा आकडा 1836. पुढचा 9.1 जवळजवळ दहा आहे, तो विसरला.

"सूर्य पृथ्वीच्या शंभरपट." कशात? व्यासात 109 पट, घनफळात सुमारे 13 लाख पट.

संख्येला सर्वांत जवळचा दहाचा घात ठरवताना, पुढचा आकडा 5 च्या वर गेला की घात एकने वाढवायचा की 3.16 च्या, यावर भांडू नका. आपल्या पुस्तकातली सीमा पाळा.

आणि अणूची आकृती. अणू 10⁻¹⁰ मीटर, केंद्रक 10⁻¹⁵ च्या घरात. पानावर हे प्रमाण मावत नाही, म्हणून केंद्रक लिंबाएवढं काढतात आणि मुलांच्या डोक्यात तेच बसतं. मी वर्गाला मैदानावर नेतो, मधोमध मिलिमीटरभर मोहरीचा दाणा ठेवतो आणि अणूची कड गाठायला सगळ्यांना पन्नास मीटर चालायला लावतो.